एक कोटी व्ह्यूज म्हणजे ‘डायमंड’ नव्हे

हळदीचा मोसम आला की ठाणे-नवी मुंबईतल्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या आगरी-कोळी गाण्याने यूट्यूबवर एक कोटीचा टप्पा पार केला. अमेरिकेच्या नियमाने एक कोटी म्हणजे डायमंड, आणि डायमंड म्हणजे तेवढ्या प्रती विकल्याचा पुरावा. पण आपली राष्ट्रीय संगीत संघटना मराठीला चार्टवर, म्हणजे गाजलेल्या गाण्यांच्या क्रमवार यादीत, येऊच देत नाही, तिथे सगळं हिंदीवाल्यांचं राज्य. शेवटी ‘खरा भूमिपुत्र असशील तर पुढे पाठव’ ही तंबी. गाणं झकास आहे, त्यावर वाद नाही. मजकुराचं तसं म्हणता येत नाही.

आधी डायमंड. गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड हे खपावर मिळणारे पुरस्कार. अमेरिकेत ते आरआयएए ही रेकॉर्ड कंपन्यांची संघटना देते. गोल्ड १९५८ साली सुरू झालं, प्लॅटिनम १९७६ मध्ये, डायमंड १९९९ मध्ये. आज गोल्डला ५ लाख युनिट, म्हणजे ढोबळमानाने तेवढ्या प्रती, लागतात, प्लॅटिनमला १० लाख, डायमंडला १ कोटी. मजकूर लिहिणाऱ्याने युनिट आणि व्ह्यू एकच धरले आणि तिथेच सगळं फसलं. २०१६ पासून गाण्याचे १५० स्ट्रीम, म्हणजे ते ऑनलाइन १५० वेळा वाजणं, मिळून एक युनिट धरतात. १ कोटीला १५० ने भागा: जेमतेम ६६ हजार. गोल्डच्या सातव्या हिश्श्यालाही पोचत नाही. डायमंडसाठी १५० कोटी स्ट्रीम हवेत, आणि तेही अमेरिकेत झालेले. दिवा, ऐरोली, कोपरखैरणेमध्ये कितीही वेळा वाजवा, त्या हिशेबात ते शून्यच.

आता ‘तेवढ्या प्रती विकल्या’ हे. रेकॉर्ड आणि कॅसेटच्या जमान्यात हे पुरस्कार मुख्यतः कंपनीने दुकानांकडे पाठवलेल्या मालावर ठरत. गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या प्रती त्यासाठी मोजत नसत. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या आसपास कॅसेटचं दुकान चालवलेल्या कुणालाही विचारा, आलेला खोका आणि खपलेला खोका यात किती अंतर असतं ते. अमेरिकेतल्या धंद्यात तर यावर एक जुना विनोदच आहे: माल गोल्ड होऊन गेला आणि प्लॅटिनम होऊन परत आला! शिवाय तिथे पुरस्कार आपोआप मिळत नाही. कंपनीने अर्ज करायचा, फी भरायची, हिशेब तपासून घ्यायचा. अर्जच केला नाही तर गाणं कितीही गाजो, भिंतीवर पुरस्काराची तबकडी लागत नाही. ब्रिटनने २०१३ पासून विक्रीच्या आकड्यांवरून पुरस्कार आपोआप द्यायला सुरुवात केली. तिथे अल्बमचं गोल्ड १ लाखाला मिळतं, अमेरिकेत ५ लाखांना. तेव्हा कुणी नुसतं ‘गोल्ड मिळालं’ म्हटलं की आधी विचारावं, कुठलं?

मराठीवरच्या अन्यायाचा मुद्दा मात्र सगळ्यांत जास्त झोंबणारा, म्हणून तो नीट पाहू. इंडियन म्युझिक इंडस्ट्री, म्हणजे आयएमआय, ही संघटना १९३६ साली कोलकात्यात इंडियन फोनोग्राफिक इंडस्ट्री या नावाने सुरू झाली. तिने जून २०२१ मध्ये स्ट्रीमिंगच्या आकड्यांवर आधारलेला साप्ताहिक चार्ट काढला, २० गाण्यांचा. पण तो आंतरराष्ट्रीय गाण्यांचा. तिथे मराठी नाही, तसंच हिंदी नाही, पंजाबी नाही, तमिळही नाही. ज्या यादीत हिंदीलाच जागा नाही, तिथे हिंदीवाल्यांनी आपल्याला डावललं कसं? राग धरायचाच तर याचा धरा की इथल्या संघटनेने अधिकृत चार्ट काढला तो परदेशी गाण्यांपासून. भारतात ऐकल्या जाणाऱ्या देशी-परदेशी गाण्यांची एकत्र यादी २०२२ मध्ये सुरू केली ती अमेरिकेच्या बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाने, आणि तीही २५ गाण्यांची. हळदीच्या मांडवात बेंजो पार्टीने वाजवलेलं गाणं यांतल्या कुठल्याच मोजणीत येत नाही. आपल्याकडे गाणं गाजतं ते मुख्यतः तिथे.

याच मजकुराच्या एका आवृत्तीत ‘आयएमआय लग्नात गाणी वाजवायचे पैसे उकळते’ असंही घुसडलेलं आहे. परवान्यांचं काम पीपीएल (रेकॉर्डिंगचे हक्क पाहणारी) आणि आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांचे हक्क पाहणारी) या वेगळ्या संस्थांचं. आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे.

एक कोटी व्ह्यूजही सगळे सारखे नसतात. जाहिरात म्हणून चालवलेले व्ह्यूज यूट्यूबने २०१९ मध्ये स्वतःच्या म्युझिक चार्टमधून आणि पहिल्या २४ तासांत सर्वाधिक पाहिलं गेल्याच्या विक्रमांतून वगळले. या गाण्याचे तसे आहेत असं मी म्हणत नाही. उलट लग्न-हळदीतल्या पोरांनीच ते वर नेलं असणार. ते तपासणंही अवघड नाही. चॅनल चालवणाऱ्यांना यूट्यूब स्टुडिओत दिसतं, कुठल्या देशातून किती जणांनी पाहिलं आणि किती प्रेक्षक जाहिरातीतून आले. तो स्क्रीनशॉट त्यांनी ग्रुपवर टाकावा, आनंदाने पुढे पाठवीन. आणि गीतकार-संगीतकाराने अजून आयपीआरएसचं सभासदत्व घेतलं नसेल, तर डायमंडआधी तो अर्ज भरावा.