‘एटीपीशिवाय आकुंचन’ या आक्षेपाला उत्तर

महोदय,

‘सेंट्रिन आणि स्पास्मिन : पेशीतले दुसरे स्नायू’ या माझ्या लेखावर आपण रात्री पावणेदोन वाजता नोंदवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सेंट्रिन आणि स्पास्मिन ही कॅल्शियमला धरून ठेवणारी प्रथिने आहेत, आणि अशा प्रथिनांचा धागा आखडताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च होत नाही, असे मी त्यात लिहिले होते. आपल्या प्रतिक्रियेत चार आक्षेप आहेत. मी शैवालाचे नाव चुकवले, हा पहिला. ‘एटीपीशिवाय आकुंचन ही भाकडकथा आहे आणि ती शाळकरी पोरालाही शोभत नाही’, हा दुसरा. यीस्ट आणि मानवी पेशींना मी पुराव्यावाचून आदिजीवांच्या, म्हणजे एकपेशीय जीवांच्या, माळेत ओवले, हा तिसरा. असल्या विषयावर मराठीत लिहिण्याचा अट्टहास कशाला, हा चौथा.

पहिला आक्षेप मान्य. सॅलिसबरी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली सेंट्रिन हे प्रथिन टेट्रासेल्मिस या हिरव्या शैवालाच्या कशाभिकांच्या (पोहण्याच्या चाबकासारख्या शेपट्यांच्या) पट्टेदार मुळांतून वेगळे केले. मी तेथे क्लॅमिडोमोनस लिहिले. क्लॅमिडोमोनस या दुसऱ्या शैवालातील याच प्रथिनाचे ‘कॅलट्रॅक्टिन’ हे नाव चार वर्षांनंतरचे आहे. चूक दाखवून दिल्याबद्दल आभार. ती दाखवताना ‘गुगलपंडित’ हा शब्द वापरला नसता तरी ती चूकच राहिली असती.

आता ‘भाकडकथा’. हा शब्द माणूस पुराण ऐकताना वापरतो, प्रयोगाविषयी बोलताना नव्हे. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. त्या काळात विद्यार्थ्यांनी मला पुष्कळ चुकीची उत्तरे दिली, परंतु न पाहिलेल्या गोष्टीला भाकडकथा म्हणण्याचे धाडस त्यांपैकी कोणी केले नाही. आपण व्होर्टिसेला कधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे काय? आमच्या गावाबाहेरच्या तळ्यातील शेवाळाचे तंतू काचपट्टीवर ठेवली की या आदिजीवाच्या घंटा लांब देठांवर डोलताना दिसतात. टेबलावर पेन्सिल आपटली की सगळे देठ एकाच क्षणी स्प्रिंगसारखे गुंडाळले जातात आणि घंटा मुळाशी येऊन चिकटतात. ते आखडणे काही मिलिसेकंदांचे असते, डोळ्याला मधली अवस्था दिसतच नाही. मात्र देठ पुन्हा सरळ होताना सेकंदामागून सेकंद जातात आणि वेटोळे एकेक करून सुटत जाते. पदव्युत्तर वर्गात असताना मी हा खेळ इतक्या वेळा पाहिला की आमच्या प्रयोगशाळा साहाय्यकाने मला ‘पेन्सिलवाला’ म्हणायला सुरुवात केली.

या देठाच्या आतल्या धाग्याला स्पास्मोनीम म्हणतात. त्यात आपल्या स्नायूंना आखडवणाऱ्या ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांची रचना नाही. त्यातील स्पास्मिन हे प्रथिन सुमारे वीस किलोडाल्टनचे आहे आणि कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या, कॅल्मोड्युलिनच्या व सेंट्रिनच्या कुळातले आहे. १९५८ साली हॉफमन-बर्लिंग यांनी देठ ग्लिसरीनमध्ये ठेवून त्यांचे पटल सच्छिद्र केले, म्हणजे पेशीचा जिवंतपणा आणि तिचा एटीपीचा साठा दोन्ही गेले. उरलेल्या त्या मेलेल्या देठाला कॅल्शियम दिले की तो आखडे, कॅल्शियम काढून घेतले की सरळ होई, आणि हे पुन्हा पुन्हा करता येई. १९७२ साली वाइस-फॉग आणि ॲमोस यांनी हालचालीची ही निराळीच यंत्रणा असल्याचे सविस्तर मांडले. झूथॅम्नियम या वसाहती करून राहणाऱ्या नातलगाचा स्पास्मोनीम तर एवढा जाड असतो की तो वेगळा काढून हाताळता येतो. हे आपल्या दृष्टीने भाकडकथा असेल, तर मग प्रयोग म्हणजे काय, ते आपणच ठरवा.

आपण आणखी एक वाक्य लिहिले आहे : ‘ऊर्जेशिवाय काहीही हलत नाही, हे नववीच्या पुस्तकात आहे.’ मी ‘ऊर्जेशिवाय’ असे कोठेही लिहिलेले नाही, ‘एटीपीशिवाय’ असे लिहिले आहे, आणि या दोन शब्दांत फरक असतो हेही नववीच्या पुस्तकात असावे. आखडण्याची ऊर्जा कॅल्शियमच्या बंधातून, म्हणजे पेशीने आधी साठवून ठेवलेल्या कॅल्शियमच्या उतारातून (साठ्यातील व बाहेरच्या प्रमाणातील फरकातून) येते. साठ्यातून कॅल्शियम सुटले की धागा आखडतो. ते पुन्हा साठ्यात भरायला पंप लागतो आणि त्या पंपाला एटीपी लागते. हे शेवटचे वाक्य लेखात राहून गेले, हे मी नाकारत नाही. पण आखडण्याच्या क्षणी एटीपी खर्च होत नाही, एवढेच माझे विधान होते, आणि ते उभे आहे. शेंगवर्गीय वनस्पतींच्या रसवाहिन्यांतील फोरिसोम हे प्रथिनांचे चातीसारखे पुंजके सेंट्रिनच्या कुळातले नाहीत, तरीही कॅल्शियम मिळताच एटीपीवाचून आखूड व जाड होऊन वाहिनी बुजवतात. एक मिलिमीटरहून लांब असलेला स्पायरोस्टोमम हा आदिजीव पाच मिलिसेकंदांच्या आसपास अर्ध्यावर येतो. एवढ्या वेगात मायोसिनने दोर ओढत बसायचे म्हटले तर त्याला पेन्शनच घ्यावी लागेल.

यीस्ट आणि मानवाचा मुद्दा मी लांबवीत नाही. मानवाला तीन सेंट्रिन असतात आणि त्यांतील एक डीएनए-दुरुस्तीतही भाग घेते. यीस्टमध्ये ‘सीडीसी थर्टीवन’ हे त्याचे भावंड पेशी विभागताना गुणसूत्रे ओढणाऱ्या धाग्यांची टोके जेथे जुळतात, त्या ध्रुवाच्या दुप्पट होण्यात लागते. तेथे ते देठासारखे आखडते असे मी म्हटलेले नाही. लेखाच्या शीर्षकात ‘पेशीतले’ हा शब्द असून वर मानवी पेशीचे चित्र आहे, एवढ्यावरून आपण तसे समजलात. काळा आजार ज्याच्यामुळे होतो त्या लीशमॅनिया या परजीवीतील सेंट्रिनचे जनुक काढून टाकले की मॅक्रोफेज या भक्षक पेशींत राहणाऱ्या अवस्थेत त्या परजीवीचे विभाजन अडते, आणि याच कारणाने तो लसीसाठी तपासला जात आहे. हेही मी लिहू शकलो असतो. लिहिले नाही, कारण विषय आकुंचनाचा होता.

चौथ्या आक्षेपाला मी उत्तर देत नाही. आपण तो मराठीतच लिहिला आहे.

शैवालाचे नाव दुरुस्त केले आहे. पंपाचे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात घातले आहे. चित्राखाली ‘मानवी पेशीतील सेंट्रिओल; येथे आकुंचनाचा दावा नाही’ अशी ओळ जोडली आहे.