वीस वर्षं न मेलेला रावण

माझा रावण कधी मेलाच नाही. तसा तो काळारामाच्या देवळातल्या कीर्तनात मेला, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तर पुठ्ठ्याची नऊ डोकी सांभाळत दोनदा मेला. पण मला ज्याची खरी धास्ती होती, तो कार्टून नेटवर्कवरचा, अमरीश पुरींच्या आवाजातला रावण दर वेळी सहीसलामत सुटला. त्याला वाचवलं भारनियमनानं.

दोन हजार पाच-सहाचा काळ. पंचवटीत आमच्या वाड्यात लाइट जायची वेळ आणि 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' या कार्टून सिनेमाची वेळ यांचं काहीतरी साटंलोटं होतं. कुंभकर्णाला उठवायची धावपळ सुरू झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. तो जागा झाला की आमचा टीव्ही झोपायचा. पुढचं युद्ध मी आईच्या मेणबत्तीकडे बघत मनातल्या मनात लढायचो. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा लाइट होती, तर केबलवाल्याचं बिल थकलं होतं.

त्यामुळे २४ जानेवारी २०२५ ला तोच सिनेमा नवा कोरा करून थेटरात लागणार हे वाचलं, तेव्हा मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभा राहिलो. पुढचा आठवडाभर घरी दुसरा विषय नव्हता. युगो साको नावाचा जपानी माणूस भारतात एका माहितीपटासाठी येतो काय, रामायणाच्या प्रेमात पडतो काय, आपल्या ॲनिमेशनवाल्या राम मोहन यांना सोबत घेऊन सिनेमा काढतो काय! "आमचं लहानपण काय होतं, तुम्हाला नाही कळायचं," हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की सात वर्षांची मनू ते माझ्याआधी म्हणू लागली. शेवट मी पाहिलेला नाही ही गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. ही चूक पुढे महागात पडणार होती.

"कार्टूनच ना? मग मनूला घेऊन जा तू," बायको म्हणाली. "आम्ही मोठी माणसं कशाला?"

नाशकात वादात हरायला लागलं की फाळक्यांना मध्ये आणायचं असतं. मी आणलं. म्हटलं, आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसानं १९१५ साली आगकाड्या एकेक करून सरकवत त्यांचा सिनेमा केला, 'आगकाड्यांची मौज'. ॲनिमेशन म्हणजे पोरखेळ नाही, आपला गावठाणातला धंदा आहे.

"मग ओट्यावर काडेपेटी आहे," ती म्हणाली. "बघत बस."

आप्पांना मात्र फाळके म्हटलं की राहवत नाही. "आणि 'लंकादहन'? १९१७! राम आणि सीता दोन्ही कामं एकट्या अण्णा साळुंक्यांनी केली. एकाच माणसात अख्खा संसार. भांडण नाही, काही नाही." हे बोलताना ते आईकडे बघत नव्हते, पण आई त्यांच्याकडे बघत होती. शेवटी आईच म्हणाली, "जाऊ या सगळेच."

पाच तिकिटं काढली, रविवार संध्याकाळची. २६ जानेवारी. सकाळी मनूच्या शाळेत झेंडावंदन, आल्यावर जिलेबी, दुपारी पुन्हा जिलेबी, तिचा घसा बसेल म्हणून वर कोमट पाणी. थेटरात पोचल्यावर भलामोठा ग्लास भरून कोल्ड्रिंक. एवढा हिशेब मी तेव्हाच करायला हवा होता. (पॉपकॉर्नच्या भावावर मराठीत एवढं रडून झालंय की त्यात माझी भर नको.)

सिनेमा सुरू झाला आणि पहिला धक्का बसला. हिंदी डबिंग नवीन होतं. आवाज चांगले होते, स्वच्छ होते, पण माझे नव्हते. रावण बोलायला लागला आणि मला भीती वाटेना. शेवटी त्याच्या वाक्यांवर मीच हळू आवाजात अमरीश पुरी चढवायला लागलो. पुढच्या रांगेतल्या काकूंनी वळून बघितलं. मी मनूकडे बघितलं. काकूंनी मनूकडे रागानं बघितलं. बापाला मूल असण्याचे काही फायदे असतात.

दुसरा धक्का आप्पांचा. राम-लक्ष्मण वनवासात निघाले तसे आप्पा खुर्चीत पुढे सरकले. पंचवटीच्या माणसाला रामायण हा धर्मग्रंथ आहे हे मान्य असतं, पण सीताहरण हा त्याच्या दृष्टीनं आपल्या हद्दीत घडलेला गुन्हा असतो. पंचनामा त्यालाच करायचा असतो.

"वड मोज," आप्पा म्हणाले.

"काय?"

"वड. पाच पाहिजेत. पंच-वटी. सीतागुंफेपाशी नंबराच्या पाट्या लावल्यात झाडांना, जपान्याला दिसल्या नाहीत?" आणि ते बोट पुढे करून मोजायला लागले. तीनपर्यंत पोचले तोवर दृश्य बदललं. "तीनच आहेत," त्यांनी निकाल दिला.

मी म्हटलं, "आप्पा, साडेचारशे कलाकारांनी लाखभर चित्रं हातानं काढलीत."

"लाख चित्रं काढली, दोन वड काढायला काय झालं होतं?"

शूर्पणखा आली तेव्हा मनूनं अख्ख्या थेटराला ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, हिचं नाक कापलं म्हणून आपलं नाशिक का?" दोन रांगा हसल्या. आप्पा मागे वळून सगळ्यांना सांगायला लागले, "तपोवनात. आमच्या घरापासून पायी वीस मिनिटं." जणू रिक्षाचं मीटर टाकून येतील.

माझं लक्ष यापैकी कशातच नव्हतं. सेतू बांधून झाला. कुंभकर्ण उठला. आणि माझे डोळे आपोआप छताकडे गेले. दिवे आधीच बंद होते, तरी आता लाइट जाणार असं वाटून मी खुर्चीचे हात धरून ठेवले. लाइट गेली नाही. कुंभकर्ण पडला. वीस वर्षांत पहिल्यांदा मी कुंभकर्णाच्या पुढे आलो होतो. राम-रावण समोरासमोर उभे राहिले. माझा घसा दाटून आला.

"बाबा, शू."

मी बायकोकडे बघितलं. कार्टूनला नाक मुरडणारी ही बाई तोंडाला ओढणी लावून रडत होती. "तू ने ना," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी पहिल्यांदाच बघतेय. तुझा तर लहानपणी पाठ झालाय."

यावर काय बोलणार? पाठ झालाय हे मीच आठवडाभर सांगत होतो. आईकडे बघितलं, तिनं हात जोडले होते. आप्पा वड शोधत होते.

लेडीज टॉयलेटच्या दाराबाहेर उभ्या पुरुषाला जी नजर मिळते ती झेलत मी उभा राहिलो. आतून बातम्या येत होत्या. जॅकेटची चेन अडकलीय. निघाली. साबण येत नाहीये. आला. हात वाळवायचं मशीन गरम आहे, अजून एकदा वाळवू? भिंतीपलीकडून धडामधूम आवाज येत होते, पण शेजारच्या स्क्रीनवर कुठल्याशा हिंदी हीरोचीही हाणामारी चालू होती. त्यामुळे मेला तो रावण की कुणी गुंड, हे नक्की करता येईना. एकदा फार मोठा आवाज झाला. मी मनातल्या मनात नमस्कार करून टाकला, कुणीही असो.

आत आलो तर पुष्पक विमान अयोध्येच्या वाटेला लागलं होतं.

"मेला?" मी आप्पांच्या कानाशी विचारलं.

"मेला की," आप्पा म्हणाले. "का? तू बघितला नव्हतास?"

अंधार होता म्हणून खरं बोललो. भारनियमन, मेणबत्ती, केबलचं बिल, सगळं. आप्पांनी ऐकून घेतलं, पॉपकॉर्नच्या पुडक्यातले तळाचे न फुटलेले दाणे हातावर घेतले, त्यातला एक तोंडात टाकला.

"दसऱ्याला आपल्या इथल्या गांधीनगरला रावण बघायला चल," ते म्हणाले. "तिथला लाइट गेली तरी जळतो."