मेसेजमधली औषधं आणि माझी भाजलेली मिरची

"केमिकलला कायमचा रामराम! बागेची सगळी औषधं तुमच्या स्वयंपाकघरातच!" असा एक लांबलचक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो. शब्द थोडे बदलतात, शेवटचं "सर्वांना पाठवा" तेवढं कायम. तंबाखूचं पाणी, भांडी घासायचं लिक्विड, कडुलिंबाचं तेल, अंड्याची टरफलं, केळ्याची सालं, तणावर मीठ आणि व्हिनेगर, पंधरा दिवसांत कंपोस्ट, आणि हे सगळं "रोज फवारा, कीड येऊच देऊ नका" या आज्ञेसकट.

तो सगळा खोटा असता तर सोडून दिला असता. पण त्यात निम्मं खरं आहे आणि तीच पंचाईत आहे. औषधाचं नाव आहे, किडीचं नाही. वस्तू आहे, माप नाही. मीही घरचंच फवारते, घरचंच खत घालते, म्हणून एकेक दावा घेऊन बोलते.

पहिला दावा: "नैसर्गिक आहे, त्यामुळे पूर्ण बिनविषारी." गाडी इथेच रुळावरून घसरते. निकोटिन हे तंबाखूच्या झाडाने किडींपासून स्वतःला वाचवायला तयार केलेलं विष आहे, आणि ते कीटक कोण नि माणूस कोण हे बघत बसत नाही. ते कातडीतूनही अंगात शिरतं. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो, इतका नेहमीचा की वैद्यकात त्याला स्वतंत्र नाव आहे. आणि मेसेज सांगतो, रात्रभर भिजवा आणि सकाळी हाताने पिळून घ्या! शिवाय टोमॅटो-मिरची लावणाऱ्यांसाठी आणखी एक धोका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू, ज्याला डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८९८ मध्ये जिवाणूहून वेगळा रोगकारक म्हणून ओळखलं, वाळलेल्या तंबाखूतसुद्धा टिकून राहतो. टोमॅटो आणि मिरची तंबाखूच्याच कुळातली. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, घालवायला जायचं आणि रोग आणून लावायचा, असा हा प्रकार होऊ शकतो. रोटेनोनचंही तसंच. काही शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांतून मिळणारं हे कीटकनाशक सेंद्रिय शेतीत वर्षानुवर्षं चालत होतं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते दिलेल्या उंदरांमध्ये पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली. झाडातून आलं एवढ्याने काही ठरत नाही.

आता माझ्या मिरचीकडे येते. दावा असा: "भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन चमचे पाण्यात घालून फवारा, सगळी कीड मरते." केलं. भर दुपारी, कारण दुपारीच वेळ होता. दुसऱ्या दिवशी कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, आणि जिथे थेंब साचून वाळला होता तिथे बरोबर त्या थेंबाएवढे फिकट, कागदासारखे डाग होते. पान उलटून पाहिलं तर मावा निवांत. फवारा वरून मारला होता, तो पानाखाली पोचलाच नव्हता.

साबणाने कीड मरते हे खरं आहे. पण कोणती आणि कशी? कीटकनाशक साबण म्हणून जो विकतात तो स्निग्धाम्लांचा पोटॅशियम क्षार असतो, म्हणजे खराखुरा साबण. तो मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, लाल कोळी अशा मऊ अंगाच्या किडींवरचं मेणाचं आवरण आणि पेशींची पापुद्री बिघडवतो आणि कीड सुकून मरते. यात अट एकच, द्रावण ओलं असताना थेट अंगावर पडलं पाहिजे. वाळलं की संपलं, मग वरून चालत गेलेल्या किडीला काही होत नाही. अंड्यांवरही फारसा परिणाम नाही, त्यामुळे चार ते सात दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. टणक पाठीच्या भुंग्यांवर आणि पानाच्या आत बोगदे करणाऱ्या नागअळीवर तो कुचकामीच.

भांड्यांचं लिक्विड मात्र बहुतेक वेळा साबण नसतंच, डिटर्जंट असतं. त्याचं काम चिकट तेलकटपणा उतरवणं, आणि पानावरचा मेणाचा थर ही त्याच्या लेखी तेलकटपणाच. माझ्या मिरचीचं तेच झालं. साधा द्रवरूप साबण घेतला तर लिटरला १० ते २० मिली पुरतो, म्हणजे एक ते दोन टक्के. तीन टक्क्यांच्या वर गेलात की पानं भाजण्याची शक्यता वाढते. आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबायचं, आणि फवारणी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर साबण कॅल्शियमशी बांधला जातो आणि वर साय धरते. ती साय दिसली की समजायचं, कीड मारायला साबण उरलेलाच नाही.

"कडुलिंबाचं तेल मारताच कीड मरते." मारताच नाही. त्यातला मुख्य घटक अझाडिरॅक्टिन. तो कीटकाची भूक मारतो आणि कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करतो. अळी दोन दिवस पानावर दिसत राहते, पण खात नाही, आणि पुढची कात नीट टाकू शकत नाही. हे माहीत नसलं की माणूस दुसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून दुप्पट तेल ओततो. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आधी तेलात थोडा साबण घोटून मग थोडं थोडं पाणी घालायचं. लिटरभर पाण्याला साधारण ५ मिली तेल. मेसेजमध्ये "बाटलीत भरून महिनाभर वापरा" असं आहे, ते तर साफ चूक. अझाडिरॅक्टिन पाण्यात आणि उन्हात लवकर मोडतं, तेव्हा जेवढं लागेल तेवढंच करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. आणि फुलांवर मधमाश्या असताना फवारायचं नाही, हे तर कडुलिंबाला काय आणि साबणाला काय, दोघांना लागू.

टरफलांचा आणि सालींचा मुद्दा पटकन उरकते. "टोमॅटोचं बूड काळं पडलं की अंड्याची टरफलं घाला." टरफल म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, खरं आहे. पण चुरडून टाकलेले तुकडे मातीत वर्षानुवर्षं तसेच सापडतात, आणि माती आम्लधर्मी नसेल तर विरघळणं आणखी लांबतं. मुळात त्या काळ्या बुडाचं कारण बहुतेक वेळा कॅल्शियमचा तुटवडा नसतोच, पाण्याची धरसोड असते. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी पूर अशी गत असली की फळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही. त्यावर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सुचवणारे तर आगीत तेल ओततात, कारण जास्तीचं मॅग्नेशियम मुळांशी कॅल्शियमची वाट अडवतं. केळ्याच्या सालीच्या पाण्यात थोडं पोटॅशियम उतरतं, चिलटं मात्र भरपूर येतात. साल सरळ कंपोस्टमध्ये टाकावी.

मीठ तणावर टाकू नका, एवढंच म्हणेन. तण मरेल, पण सोडियम तिथेच राहील आणि पुढे तुम्ही लावाल त्या रोपालाही भोवेल. स्वयंपाकातलं व्हिनेगर चार-पाच टक्के अॅसेटिक आम्लाचं असतं. ते वरची पानं जाळतं, बहुवर्षायु तणाची मुळं खाली शाबूत राहतात.

एका उपायाला मात्र मेसेजने जागाच दिलेली नाही, आणि तो चांगला तपासलेला आहे: भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीच्या रोगावर, दूध. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ मध्ये हरितगृहातल्या झुकिनीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात दर आठवड्याला दहा टक्के किंवा त्याहून जास्त दुधाचं पाणी फवारल्यावर भुरी नेहमीच्या बुरशीनाशकाइतकीच आटोक्यात राहिली. इथे पीक, रोग, प्रमाण आणि किती दिवसांनी, सगळं सांगितलेलं आहे. घरगुती उपाय असाही लिहिता येतो!

आता "पंधरा दिवसांत काळंभोर कंपोस्ट". अठरा दिवसांची एक पद्धत खरोखर आहे, बर्कली पद्धत म्हणतात तिला. पण तिला किमान एक घनमीटरचा ढीग लागतो आणि तो सुरुवातीचे चार दिवस सोडले की दर दिवसाआड उलथावा लागतो. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्या इंदूर पद्धतीला साधारण तीन महिने लागायचे, आणि तिथे जनावरं, माणसं, खड्डे सगळं हाताशी होतं. बादलीएवढ्या डब्यात ढीग तापतच नाही, कारण तयार होणारी उष्णता लगेच बाजूंनी निघून जाते. रोगजंतू आणि तणाचं बी मरायला ५५ अंशांच्या वर काही दिवस तरी टिकावं लागतं. बादलीत ते होत नाही. तिथे महिने लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

माझा पहिला डबा तिसऱ्या आठवड्यात उघडला तेव्हा आंबूस भपकारा आला आणि तळाला चिकट राड. सगळा ओला कचरा, तोही दाबून भरलेला. त्यात हवाच नव्हती. सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतात. भाजीच्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त. म्हणून एक भाग ओल्याला आकारमानाने दोन-तीन भाग पालापाचोळा, आणि ओल एवढीच की मूठभर घेऊन दाबलं तर हात ओला व्हावा, धार लागू नये. आंबूस वास आला तर कोरडं घाला आणि उलथा; नाकात झोंबणारा अमोनियाचा वास असेल तर नत्र जास्त झालंय, तिथेही कोरडंच. यीस्ट, साखरपाणी असलं काही विकतचं घालायची गरज नाही. लागणारे जीव पाल्यावर आणि मातीत आधीच असतात.

खत झालं की नाही हे तारखेवर ठरत नाही. ओलसर मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवायचं. उघडल्यावर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर तयार. घाण आली तर आत अजून कुजणं चालू आहे, आणि असं कच्चं खत कुंडीत घातलं तर सूक्ष्मजीव रोपाच्या वाट्याचं नत्र ओढून घेतात. रोप पिवळं पडतं आणि आपण आणखी कच्चं खत घालतो. हे मी केलेलं आहे.

शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा सल्ला: "रोज फवारा." साबणाला शत्रू-मित्र कळत नाहीत. काळी, लांबट, मगरीसारखी, पाठीवर नारिंगी ठिपक्यांची एक अळी मी एकदा चिमटीने वेचून वेचून मारली होती. ती ढालकिड्याची पिल्लं निघाली. तो किडा मोठा होईपर्यंत मावा शेकड्यांनी खातो.

त्यानंतर भिंग घेतलं. याच मिरचीच्या शेंड्यावर पुन्हा मावा आला तेव्हा फवारणीची बाटली हातात होती, पण आधी पान उलटून पाहिलं. हिरव्या माव्यात पाच-सहा दाणे वेगळे होते: फुगलेले, गव्हाळ, हलत नव्हते. एकाच्या पाठीला सुईने पाडल्यासारखं गोल भोक होतं. माव्याच्या पोटात अंडं घालणाऱ्या एका बारीक गांधीलमाशीचं ते काम, पिल्लू आतून खाऊन भोक पाडून बाहेर पडलेलं. पाण्याच्या धारेने वरचा दाट मावा धुऊन काढला आणि ते दाणे असलेलं पान तसंच ठेवलं. दहाव्या दिवशी शेंड्यावर भोकं पडलेले गव्हाळ दाणेच जास्त होते.