फळ्यावर नाव लिहा, शिस्त आपोआप लागते

हल्लीची पोरं ऐकत नाहीत, ही तक्रार रावेरपासून नवापूरपर्यंत कुठल्याही स्टाफरूममध्ये चहाच्या आधी येते. तुम्ही नव्याने रुजू झाला असाल तर घाबरून जाऊ नका. आपल्याकडे यावर पिढ्यानपिढ्यांचे उपाय आहेत. फक्त ते वापरताना थोडी अक्कल लागते.

सुरुवात कायद्यापासून करा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. ते कलम सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावा आणि छडी त्याच्यामागे ठेवा. ऊठबशा काढायला लावल्या तर तो व्यायाम. मार्च-एप्रिलमध्ये पोराला मैदानात उभं केलंत, तर ते कोवळं ऊन. आता भुसावळचं ऊन किती वाजेपर्यंत कोवळं असतं हे पारा 45 च्या पुढे गेलेल्यांनी विचारू नये.

मानसिक छळाचं त्याहून सोपं आहे, कारण त्याचा वळ उठत नाही. ‘तुझ्याच्यानं काही होणार नाही, केळीचे घड वाहायला जा’ हे वाक्य तोंडपाठ असू द्या. (घड वाहणाऱ्याच्याच मुलाला ते ऐकवावं. एका दगडात दोन पिढ्या.) एखादा अगदीच उत्साहाने हात वर करून अहिराणीत ‘सर, माले येस’ (मला येतं) म्हणाला, तर उत्तर ऐकण्याआधी त्याची भाषा दुरुस्त करा. दोन-चार वेळा वर्ग हसला की तो पुन्हा हात वर करत नाही. सातपुड्यातल्या शाळेत पावरी किंवा भिली बोलणारी मुलं मिळाली तर तुमचं नशीबच. ती पहिल्या दिवसापासून गप्प बसतात आणि तपासणीला येणारे साहेब वर्गाच्या शांततेवर खूश होतात.

पण खरी शिस्त लावतो तो मॉनिटर. त्याची गरज का पडते, हे आधी सांगायला हवं. कायद्याच्या कलम 27 प्रमाणे शिक्षकाला शिक्षणाबाहेरची तीनच कामं देता येतात: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. बाकीची कामं कायद्यात नाहीत, त्यामुळे ती संपतही नाहीत. ऑनलाइन माहिती भरा, आधार जुळवा, खिचडीच्या तांदळाचा हिशेब लावा, दुपारी चारच्या आत अहवाल पाठवा. तुम्ही ऑफिसात नेटवर्कची वाट बघत बसणार, आणि वर्गात पन्नास पोरं. म्हणून मॉनिटर.

निवडताना हुशारी बघू नका, अंगकाठी बघा. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात त्याने ‘बोलणाऱ्यांची नावे’ असं लिहून खाली रेघ ओढली, की तुमच्या गैरहजेरीतही राज्य सुरू. पुन्हा बोलला की नावापुढे फुली. तासाभरात या फुल्यांचा बाजार भरतो. दोन बोरांना एक फुली पुसली जाते, चिंचेच्या गोळीला दोन, आणि कुल्फी दिली तर अख्खं नावच जातं. मॉनिटरचे दोस्त मोठमोठ्याने बोलूनही फळ्यावर कधी दिसत नाहीत. ज्याच्या खिशात काही नाही त्याचं नाव मात्र कायम पहिल्या ओळीत. तुम्ही परत आल्यावर यादी वाचा आणि चौकशी न करता शिक्षा द्या; चौकशी केली तर मॉनिटरचा मान कसा राहील? शिवाय पोरं सातवी-आठवीतच कारभार शिकतात. पुढे सोसायटीच्या निवडणुकीत त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आता झोपणाऱ्या पोराकडे वळू. शेवटच्या बाकावर डोकं टेकलेलं दिसलं की डस्टर फेका, पाणी मारा, काहीही करा. पण ‘रात्री कुठे होतास?’ एवढं विचारू नका. हा प्रश्न फार धोक्याचा. तो सांगेल की या आठवड्यात शेताची लाईट रात्री असते, आणि बापाबरोबर गव्हाला पाणी भरायला तो पहाटेपर्यंत वाफ्यात उभा होता. एकदा हे कानावर पडलं की डस्टर हातातच राहतं. तसंच दिवाळीनंतर दांड्या मारणाऱ्यांचं. ‘उनाड’ असा शेरा मारून मोकळे व्हा. कापूस वेचायला गेला होता, की आई-बापाबरोबर ऊसतोडीला, या खोलात शिरलात तर हजेरीपत्रक कधी पूर्ण करणार?

ऑफिसात साने गुरुजींचा फोटो हवाच. ते 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, म्हणजे आपल्याच मातीतले, असं 24 डिसेंबरच्या भाषणात सांगा. छात्रालयात ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, ही आठवण सांगताना आवाज थोडा कापू द्या. भाषण संपलं की खुर्च्या उचलायला, हॉल झाडायला फळ्यावरच्या यादीतली पोरं आहेतच.

एवढ्यावरही भागलं नाही तर पालकांना बोलवा. मजुरी बुडवून आलेला बाप दारातच चप्पल काढून म्हणेल, ‘ठोका त्याले, सर! आमनं काही म्हणणं नही.’ झाली पालकसभा. ‘घरी याच्याशी कोण बोलतं?’ वगैरे विचारून त्याला अडचणीत टाकू नका. उलट तो विचारायचा, की सर, तुम्ही बोलता का?

शेवटचा उपाय दाखल्याचा. आठवीपर्यंत कायद्याने कुणाला शाळेतून काढता येत नाही, पण बापाने स्वतः दाखला मागितला तर शाळा काय करणार? ‘घरगुती अडचणीमुळे दाखला मिळावा’ असा अर्ज तुम्हीच लिहून तयार ठेवा. त्याला फक्त अंगठा लावायला सांगा. शाईचा डाग फॉर्मवर पडू देऊ नका, शाळेत टापटीप महत्त्वाची.