बर्फाला वळण लावण्यासाठी चार दिवस

डोंगरातील एखाद्या बर्फाळ गावी हिवाळी सुट्टी घालवण्याचा बेत आपण पक्का केला असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. गोंगाट, धूर आणि गर्दी यांना कंटाळून चार दिवस नीरव शुभ्रतेत काढावेत हा विचार मुळातच उदात्त आहे, आणि तो तडीस नेण्यासाठी दोनशे-अडीचशे किलो वजनाची, स्वतःचा गोंगाट आणि स्वतःचा धूर सोबत घेऊन फिरणारी स्नोमोबाइल ही बर्फावरची गाडी भाड्याने घेणे याहून समर्पक दुसरे काही असू शकत नाही. गर्दीची उणीव भासू नये म्हणून आणखी सात मित्रांनाही सोबत न्यावे.

गाडी ताब्यात देण्यापूर्वी तेथील माणूस अर्धा तास सूचना देऊ लागेल. हा वेळ आपण हेल्मेट घालून, हेल्मेट काढून आणि हेल्मेट काखेत धरून स्वतःची छायाचित्रे घेण्यात सत्कारणी लावावा. तो सांगत असेल की गाडीचा वेग उजव्या हाताच्या अंगठ्याखालच्या लहानशा दांडीवर अवलंबून असतो आणि ब्रेक डाव्या हाताशी असतो. हे ऐकण्याची गरज नाही, कारण ते आपल्याला पहिल्याच वळणावर आपोआप कळणार आहे. घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट आवळतो, आणि आपल्या हातात त्या क्षणी नेमकी तीच दांडी असेल. समोरचे झाड जितके जवळ येईल तितका अंगठा अधिक निष्ठेने दाबला जाईल. गाडीपासून अंगरख्याला अडकवायची एक गुंडाळीदार दोरी असते, जी चालक खाली पडताच निसटून इंजिन बंद करते. ही दोरी छायाचित्रात फार वाईट दिसते, म्हणून ती गाडीलाच गुंडाळून ठेवावी. आपण पडल्यावरही गाडीने आपला प्रवास चालू ठेवला, तर तिच्या स्वातंत्र्याचा आदर करावा.

कपड्यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. सुती बनियन घाम शोषून ओलेच राहते आणि अंगाची ऊब पळवून नेते, असे जाणकार सांगतात. पण ते आपल्याला आवडते, तेव्हा प्रश्न मिटला. हवेचे तापमान उणे १० अंश सेल्सिअस असताना ताशी ५० किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २२ अंशांसारखी जाणवते. स्थिर हवेत त्या वेगाने गाडी हाकली तरी हिशोब बदलत नाही, वारा फक्त घरचा असतो. थंडी वाजू लागल्यास वेग आणखी वाढवावा, म्हणजे मुक्कामी लवकर पोहोचता येईल. काळा चष्मा मात्र खोलीवरच राहू द्यावा, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत उधळतो आणि आपल्या टवटवीत चेहऱ्यावर वरून व खालून असा दुहेरी प्रकाश पुन्हा कधी पडणार?

येथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. कॅनडातील क्यूबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक कल्पक यंत्रज्ञ राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावरून चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बोंबार्डिए त्याआधीपासून करत होता. पुढे त्याच्या कारखान्यातून बर्फावर धावणाऱ्या बसगाड्या निघाल्या, आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही लहान, वैयक्तिक गाडी बाजारात आली. माणसाला वेळेत रुग्णालयात पोहोचता यावे ही तळमळ ज्या वाहनाच्या मागे होती, त्याच वाहनावरून आपणही, वरील सूचना तंतोतंत पाळल्यास, तेथेच पोहोचाल. परंपरा जपणे म्हणतात ते याला.

मात्र सपाट, आखलेल्या वाटेवर पराक्रमाला वाव नसतो. त्यासाठी झाडे नसलेला एखादा मोकळा, गुळगुळीत, तीव्र उतार निवडावा. तेथे झाडे का नाहीत, याचा विचार करत बसू नये. हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्नोमोबाइलने चढून जाण्यात खरी मौज वाटते ते उतारही नेमके याच मापाचे असतात. हा निसर्गाचा किती मोठा समजूतदारपणा! खेळाचा नियम सोपा आहे: गाडी जमेल तितकी वर दामटायची, थांबण्याच्या बेतात आली की वळवून खाली आणायची, आणि आधीच्या गड्याने बर्फात उमटवलेल्या रेषेपेक्षा आपली रेषा हातभर तरी वर उमटवायची. एखादा मित्र वर जाऊन रुतलाच, तर बाकी सर्वांनी एकदम त्याच्या मदतीला जावे. उतारावर एका वेळी एकानेच असावे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी, असे काही माणूसघाणे लोक सांगतात. मैत्री म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसावे. पायाखालून ‘धप्प’ असा खोल आवाज आला, तर खालचा कमकुवत थर खचला आहे असा त्याचा अर्थ असतो. आपण मात्र तो डोंगराने दिलेला हुंकार समजावा.

बर्फाखाली गाडले गेल्यास ठावठिकाणा कळावा म्हणून संकेत देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून माणूस शोधण्याची लांब सळई आणि फावडे या तीन वस्तू प्रत्येकाने जवळ बाळगाव्यात असा आग्रह धरला जातो. आपण मोबाइल बाळगावा. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो बहुतेक वेळा वाचतो आणि त्यानंतर आशा झपाट्याने मावळत जाते, त्यामुळे उकरण्याचे काम सोबत्यांनाच करावे लागते. बचाव पथक गावातून येईपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते. आपल्या सोबत्यांपाशी फावडे नसले तरी काळजी नसावी, त्यांच्यापाशी आपली उत्तम छायाचित्रे असतील. आणि या सगळ्याला दैवी कोप म्हणून स्वतःची मान सोडवून घेण्यापूर्वी एवढेच ध्यानात असू द्यावे की अशा अपघातांपैकी दहातील सुमारे नऊ वेळा तो बर्फाचा थर त्यात सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्याच चमूतील कोणीतरी हलवलेला असतो.

एवढ्या शौर्यानंतर एक दिवस क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी राखून ठेवावा, विश्रांती म्हणून. हा प्रकार म्हणजे पायांना स्की नावाच्या लांब, अरुंद पट्ट्या अडकवून बर्फावरून चालणेच असल्यामुळे त्यात शिकण्यासारखे काही नसते. स्वीडनमध्ये पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची स्की सापडली आहे आणि नॉर्वेच्या फ्रित्योफ नान्सेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. इतक्या जुन्या लोकांना जे जमले ते आपल्याला सकाळच्या चहाआधी जमलेच पाहिजे. या स्कीमध्ये बुटाची फक्त पुढची बाजू अडकवलेली असते आणि टाच मोकळी राहते. स्की मधोमध किंचित कमानदार असते. एका पायावर पूर्ण भार दिला की ती कमान दाबली जाऊन मधला भाग बर्फाला चिकटतो आणि त्या आधारावर दुसरा पाय पुढे सरकतो. म्हणजे सारी विद्या एका वेळी एकाच पायावर निःशंकपणे उभे राहण्यात आहे. आपण दोन्ही पायांवर सारखाच अविश्वास दाखवून जागच्या जागी घसरत राहावे.

मधल्या भागाला लावायचे मेणही बर्फाच्या तापमानाप्रमाणे बदलावे लागते: कडाक्याच्या थंडीत साधारणपणे हिरवे, त्याहून कमी थंडीत निळे, शून्याच्या आसपास जांभळे किंवा लाल. आपण कपड्यांना शोभेल तो रंग निवडावा. थंड, कोरड्या बर्फावर लाल मेण लावले, तर स्कीखाली बर्फाचे गोळे चिकटून आपली उंची चार-पाच बोटे वाढते, हा लाभ वेगळाच.

पडणे अटळ आहे, आणि ते बहुधा उभ्या उभ्याच होते. पडल्यावर दोन्ही स्की उताराच्या बाजूला, उताराला आडव्या आणि एकमेकींना समांतर आणाव्यात, गुडघ्यांवर यावे आणि मग उठावे, अशी रीत आहे. प्रस्तुत लेखकाने ती झुगारून दिली होती, म्हणून अनुभवाने सांगतो: उताराच्या दिशेला स्कीची टोके ठेवून उठल्यास उठण्याची आणि पुन्हा पडण्याची क्रिया एकाच हालचालीत उरकते. एक काठी दोन्ही पायांच्या मधून मागे गेलेली, डावी स्की उजवीच्या पाठीवर, मनगटाच्या पट्ट्यात हात पिरगळलेला आणि कॉलरमधून पाठीकडे निघालेली बर्फाची थंडगार धार, अशा अवस्थेत मी पडलो असता सहा-सात वर्षांची एक मुलगी शेजारून सुळकन निघून गेली. तिने काठ्यासुद्धा घेतलेल्या नव्हत्या. आपल्यावर असा प्रसंग आल्यास मुद्दाम खाली वाकून बर्फाचे निरीक्षण चालू असल्याचा भाव चेहऱ्यावर आणावा.

राहता राहिला वाटेचा प्रश्न. पहाटे यंत्र फिरवून बर्फ दाबतात आणि त्यात स्कीच्या मापाच्या दोन समांतर, आखीव चाकोऱ्या पाडतात. चाकोरीला कंटाळून आपण इतक्या दूर आलात आणि येथेही चाकोरीच पुढ्यात वाढलेली पाहून आपला संताप होणे स्वाभाविक आहे. तेव्हा दुपारी, बर्फ मऊ झाला की, स्की खांद्यावर टाकून त्या चाकोरीतूनच बुटांनी चालत परत यावे. पाय गुडघ्यापर्यंत आत जाईल, पण बाजूच्या भुसभुशीत बर्फापेक्षा येथे चालणे सोपे पडते. सायंकाळी थंडी वाढली की ती सारी भोके दगडासारखी गोठतात. दुसऱ्या दिवशी यंत्र येण्यापूर्वीच, कोणी पाहणारे नसताना, आपण पुन्हा एकदा प्रयत्न करावा. स्कीचे टोक पहिल्याच भोकात अडकून आपण तोंडावर आपटाल, तेव्हा वाटेची देखभाल करणाऱ्यांविरुद्ध सविस्तर तक्रार लिहावी; नाचता येत नसेल तर अंगण वाकडे असल्याचा लेखी पुरावा असलेला बरा. तक्रारीसोबत त्या भोकांचे जवळून घेतलेले छायाचित्र जोडावे. फक्त त्यांच्या तळाशी गोठलेल्या तळव्याच्या नक्षीवर प्रकाश नीट पडणार नाही एवढी काळजी घ्यावी.