मान कधी हलवावी

शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून पुण्यात भरतो आहे. तिथे जाऊन गाणं ऐकलंच पाहिजे, अशी सक्ती अजून तरी कुणी केलेली नाही. तुम्हाला रसिक दिसायचं आहे ना? मग तयारीही तेवढ्यापुरतीच करा.

भारतीय बैठकीचं तिकीट काढा. माणसं दोन असली तरी सतरंजी सहा जणांची अंथरा. उरलेल्या चौघांच्या जागी शाल, थर्मास, डबा आणि एक जाड पुस्तक बसवा. पुस्तक कोरं दिसता कामा नये. आदल्या रात्री तीन-चार ठिकाणी उघडून दाबा, म्हणजे कण्यावर वळ्या पडतील. खूण दीडशेव्या पानाच्या पुढे घाला. अभिप्रायापुरतं मलपृष्ठ वाचलंत तरी भागतं.

खरी परीक्षा विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालात. बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, सहज पाऊण मिनिट चालतं आणि मान पडायची असते समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. नवशिके तबल्यातला 'तिरकिट' हा बोल ऐकतात, पुढच्या दोन मात्रा मोजतात आणि 'क्या बात है!' म्हणून मोकळे होतात. घात होतो तो इथेच. तिरकिट एका आवर्तनात दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या. चौथीपासून मोजलंत तर मान पडते सातवीवर, म्हणजे ऐन खालीवर (जिथे टाळी नसते), आणि शेजारचे काका चष्म्यावरून बघतात. त्यापेक्षा काकांच्याच मानेवर लक्ष ठेवा. थोडा उशीर झालाच तर डोळे मिटून घ्या. उशीर तल्लीनतेत जमा होतो.

मारवा राग चालू असताना 'पंचम काय लागलाय!' म्हणू नका. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', वर्ज्य असतो. तंबोऱ्याची पहिली तारसुद्धा त्यासाठी पंचमावरून उतरवून निषादाला ('नी') किंवा धैवताला ('ध') लावतात. 'षड्ज छान लागला' म्हणा; षड्ज म्हणजे 'सा', हे कुठल्याही रागात खपतं.

मध्यंतरात, वडापावच्या रांगेत, 'रमणबागेत रात्रभर चालायचं तेव्हाची मजा गेली' असा महोत्सवाच्या जुन्या जागेच्या नावाने सुस्कारा सोडा. वय तिशीच्या आत असेल तर आधी 'आजोबा म्हणायचे' जोडायला विसरू नका.

शेवटच्या दिवशी समारोपाला सवाई गंधर्वांच्या भैरवीचं ध्वनिमुद्रण लावायची प्रथा आहे. मंडप स्तब्ध असतो. सतरंजी झटकायला हीच वेळ उत्तम, कारण त्यानंतर पार्किंगमधून गाडी काढायला अर्धा तास जातो. 'ते सूर अजून कानात घुमतायत' ही पोस्ट मात्र घरी पोचल्यावरच टाका. सिग्नलला टाकली तर वेळ जुळत नाही आणि काका तिथेही असतात.