रझा कॉलेजात गेले होते, तेही नागपूरच्या

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक मेसेज पडला. त्याआधी धामणगाव तालुकाभर फिरून आला असावा. मजकूर थोडक्यात असा: ‘चित्रकार सय्यद हैदर रझा शाळेत ढ होते. गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसवलं. पोरानं कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, सरकारी नोकरी लाथाडली, देश सोडून फ्रान्सला गेला आणि जन्मभर तोच ठिपका काढला. एक ठिपका १६ कोटींना! मुलाला डिग्री नको, ध्यास द्या.’

एरवी असलं काही आलं की मी पुढे सरकतो. पण हा मेसेज माझ्या भाच्यानं टाकला होता, आणि तो कला शिक्षक पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. खाली त्यानं लिहिलं होतं, “मामा, पाह्य. रझा तं कॉलेजात गेलाच नाही. मंग मी काहून फी भरून घागरी काढत बसू?” त्यावर भाऊजींचा अंगठा. सोयाबीननं जे दिवस दाखवले त्यात फी वाचते म्हटल्यावर बाप अंगठा देणारच. राग मेसेज लिहिणाऱ्याचा येतो.

तर आधी कॉलेज. रझा १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पॅरिस-लंडन राहू द्या, आपल्या नागपुरात! आणि ढ? परीक्षेत वर्गात पहिले आले. हे माझं नाही, त्यांचंच सांगणं आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या हिंदी पुस्तकात ‘आत्मा का ताप’ नावाचं त्यांचं आत्मकथन धडा म्हणून छापलेलं होतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी ती चार पानं कोणी वाचली असती तर हा ताप वाचला असता.

त्याच धड्यात पुढे आपलाच मुलूख आहे. वडील वनखात्यातून निवृत्त झालेले, घरी पैशाची ओढ, म्हणून रझा गोंदियात ड्रॉइंग मास्तर झाले. मग मध्य प्रांत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी. अमरावतीच्या सरकारी नॉर्मल स्कूलमधल्या नोकरीचा राजीनामा देऊन ते मुंबईला पोचले, तर प्रवेश बंद झालेले. शिष्यवृत्ती गेली. सरकारनं बदल्यात अकोल्याला ड्रॉइंग मास्तरची जागा देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

म्हणजे नोकरी लाथाडली हे खरंच आहे, मान्य करतो. पण कशासाठी? मुंबईत राहून शिकायला मिळावं यासाठी. दिवसा एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरचं काम, संध्याकाळी मोहन आर्ट क्लबात अभ्यास. १९४३ च्या नोव्हेंबरात आर्ट्स सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रदर्शनात त्यांची दोन चित्रं लागली आणि प्रत्येकी ४० रुपयांना विकली गेली. स्टुडिओत रोज आठ-दहा तास राबून महिन्याला एवढे मिळत नव्हते, असं ते म्हणतात. पुढे जे. जे.मध्येही शिकलेच. शिक्षण सोडायचं ठरवणाऱ्या पोराला हाच माणूस उदाहरण म्हणून दाखवायचा, याला काय म्हणावं?

बरं, एवढं शिकून झालं असं तरी त्यांना वाटलं का? १९४८ साली श्रीनगरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहिली आणि तोंडावर सांगितलं, की चित्रांत भावना आहे, पण रचना नाही. इमारतीला पाया लागतो, भिंती लागतात, तसंच चित्राचं, फ्रेंच चित्रकार सेझान बघ. आपल्यापैकी कोणी असता तर रुसून बसला असता. रझा मुंबईला येऊन फ्रेंच शिकायला लागले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० साली पॅरिसला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले. मेसेजमधलं ‘फ्रान्सला गेला’ ते हे.

भाच्याला घागरीच्या तोंडाचं लंबवर्तुळ जमत नाही. डावी बाजू फुगते, उजवी चेपते, आणि मास्तर कागद परत देतात. म्हणून घागरी नकोशा. पोळ्याला अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं हाच रंगवतो, हात चांगला आहे. कार्तिए-ब्रेसाँ ज्याला रचना म्हणाले, तिची सुरुवात त्या चेपलेल्या घागरीपासूनच होते, हे त्याला कोणी सांगत नाही.

ठिपक्याची गोष्ट मात्र खरी, उगाच नाकारत नाही. मंडला जिल्ह्यातल्या ककैय्याच्या शाळेत गुरुजींनी चंचल पोराला भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघायला लावलं होतं. पण ‘जन्मभर तोच’ साफ खोटं. आधी काश्मीरची, मुंबईची दृश्यं, मग फ्रान्सची गावं, घरं, चर्च. १९५६ साली पॅरिसमध्ये समीक्षकांचं पारितोषिक मिळालं ते बिंदूच्या, म्हणजे या ठिपक्याच्या, कितीतरी आधी. बिंदू ठळक झाला १९८० च्या आसपास, तेव्हा वय साठीला टेकलेलं.

१६ कोटींचं चित्र ‘सौराष्ट्र’, १९८३ चं. साडेसहा फूट लांब, तेवढंच रुंद. २०१० साली लंडनच्या लिलावात ते १६ कोटी ४२ लाखांना गेलं. लिलावात पैसे मिळतात ते चित्राच्या त्या वेळच्या मालकाला, हेही मेसेजवाल्याला ठाऊक नसावं.

‘देश सोडला’ यात जी खोच आहे ती ओळखू येते. फाळणीनंतर घरचे पाकिस्तानात गेले, रझा इथंच राहिले. २०१० च्या शेवटी कायमचे परतले, २०१६ साली दिल्लीत वारले, आणि त्यांच्याच इच्छेनं मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना पुरलं. बास.

आणि ध्यास देणारा चित्रकार आपल्याकडचाच हवा असेल तर तळेगाव दशासर घ्या. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, सगळ्यांना माहीत आहे. हरी अंबादास गाडे तिथले, हे कमी जणांना. रझांच्या बरोबर १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटात होते. नागपुरातून विज्ञानाची पदवी घेतली, आणि वर नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्येही शिकले. तिथंही डिग्रीचं विघ्न आहेच, काय करणार.

मेसेजमधला फोटोही बघून घ्या. पांढरी दाढी, अनवाणी पाय, हातात लांब ब्रश. ते हुसेन आहेत.